लेस्टर पेल्टन

लेस्टर ॲलन पेल्टन (५ सप्टेंबर १८२९ – १४ मार्च १९०८) हे अमेरिकन सुतार, गिरण्या उभारणारे कारागीर व संशोधक होते. उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या झोतावर फिरणारे पेल्टन चक्र हा त्यांचा शोध होय. जलविद्युत केंद्रांत पेल्टन, फ्रान्सिस व कॅप्लान हे टर्बाइनांचे तीन प्रकार प्रामुख्याने वापरले जातात. त्यांपैकी जेथे पाणी तुलनेने थोडे, परंतु त्याच्या पतनाची उंची फार मोठी असते, तेथे पेल्टन चक्राची निवड होते. महाराष्ट्रातील खोपोली, भिवपुरी, भिरा आणि पोफळी येथील वीजनिर्मिती याच चक्रावर आधारलेली आहे.

प्रारंभिक जीवन

पेल्टन यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावरील व्हर्मिलियन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नाही. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि देशभरातील तरुणांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. १८५० मध्ये विशीतील पेल्टनही गावातील काही तरुणांसह खुष्कीच्या मार्गाने कॅलिफोर्नियात पोहोचले. सोन्याने त्यांना फारसा हात दिला नाही. काही काळ त्यांनी सॅक्रामेंटो नदीत मासे पकडून विकले. पुढे खाणींच्या परिसरातील कॅम्पटनव्हिल येथे स्थायिक होऊन ते सुतारकाम आणि गिरण्यांची यंत्रे उभारण्याचे काम करू लागले.

खाणींची अडचण

नदीच्या वाळूत सहज मिळणारे सोने लवकरच संपले. त्यानंतर कठीण खडक फोडून, त्याचा चुरा करून सोने काढावे लागे. चुरा करणारी अवजड यंत्रे वाफेवर चालत आणि वाफेसाठी लाकूड जाळावे लागे. परिणामी खाणींभोवतालची जंगले झपाट्याने तोडली गेली आणि सरपण दुरून आणण्याचा खर्च वाढत गेला.

पाण्याची मात्र वाण नव्हती. उंच डोंगरांवरून पाटांनी व नळांनी आणलेले पाणी अरुंद तोंडाच्या नळीतून सोडून त्याच्या झोताने डोंगरच्या डोंगर फोडण्याची पद्धत तेथे रूढ होती. तिच्यामुळे वाहून आलेल्या गाळाने नद्या उथळ झाल्या आणि खालच्या खोऱ्यातील शेते व वस्त्या पुरात सापडल्या. अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने असा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. हाच झोत यंत्रे चालविण्यासाठीही वापरला जात असे, पण त्यासाठीची चाके ओबडधोबड होती. परिघावर बसविलेल्या सपाट फळ्यांवर झोत आपटून ती फिरत आणि निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाई.

चक्राचा शोध

पाण्याने चाकाला जोराने धडक द्यावी एवढेच पुरेसे नसते, हे पेल्टन यांच्या शोधाचे मर्म आहे. झोताजवळची गतिज ऊर्जा चाकाला पूर्ण मिळायची असेल, तर चाकापासून निघताना पाण्याजवळ वेग जवळजवळ उरता कामा नये. सपाट फळीवर आपटलेले पाणी सभोवार उडते आणि बराचसा वेग बरोबर घेऊन जाते. त्यामुळे अशा चाकाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्याही ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. फळीऐवजी वाटी बसविली तर पाणी मागे वळते खरे, पण परतणारे पाणी येणाऱ्या झोतालाच आडवे येते.

अशा एका चाकाच्या वाट्या जागेवरून सरकल्या, झोत वाटीच्या मध्यभागी न पडता कडेवर पडू लागला आणि चाक अधिक वेगाने फिरू लागले. ही गोष्ट पेल्टन यांच्या नजरेने टिपली, असे सांगितले जाते. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी घरगुती साधनांनी वाट्यांचे अनेक आकार तपासले. त्यांतून निघालेला आकार म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन वाट्या आणि त्यांच्या मधोमध धारदार कणा. झोत कण्यावर पडून दुभंगतो. त्याचे दोन्ही भाग वाट्यांच्या वळणावरून घसरत जाऊन जवळजवळ उलट दिशेला वळतात आणि येणाऱ्या झोताला अडथळा न करता दोन्ही बाजूंनी बाहेर पडतात. दोन्हीकडचा बाजूचा दाब एकमेकांना तोलून धरतो, त्यामुळे आसावर आडवा ताण येत नाही.

वाट्यांचा वेग झोताच्या वेगाच्या सुमारे निम्मा ठेवला की वळून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग जवळपास शून्य होतो. आपली ऊर्जा चाकाला देऊन रिते झालेले पाणी मग केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडते. आपल्या घरमालकिणीचे शिवणयंत्र पेल्टन यांनी अशाच एका लहान चाकावर चालवून दाखविले होते, अशी कथा प्रचलित आहे.

एकस्व आणि स्पर्धा

नेवाडा सिटी येथील ओतशाळेत पेल्टन यांची चाके तयार होऊ लागली आणि २६ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांना या शोधाचे एकस्व मिळाले. तरीही खाणमालक नव्या चाकावर विश्वास ठेवण्यास तयार नव्हते. १८८३ मध्ये ग्रास व्हॅली येथील आयडाहो खाणीने उत्तम चाक निवडण्यासाठी स्पर्धा घेतली. तीत पेल्टन यांच्या चाकाची कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक भरली, तर सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी ७७ टक्क्यांच्या आतच राहिला. एका अशिक्षित म्हणता येईल अशा कारागिराच्या चाकाने मिळविलेल्या या निर्विवाद यशानंतर त्याला मागणी वाढली. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पेल्टन वॉटर व्हील कंपनी स्थापन झाली. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना इलियट क्रेसन पदक देऊन गौरविले. १४ मार्च १९०८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे त्यांचे निधन झाले.

वीजनिर्मितीतील उपयोग

पेल्टन यांचे चाक खाणीची यंत्रे फिरविण्यासाठी घडले होते. त्याच्या आसाला जनित्र जोडले की तेच वीज निर्माण करू लागले. १८९१ मध्ये कोलोरॅडोतील एम्स येथे पेल्टन चक्रावर प्रत्यावर्ती वीज निर्माण करून ती सुमारे ४ किलोमीटर अंतरावरील सोन्याच्या खाणीला पुरविण्यात आली. वीज तारांतून दूर नेता येऊ लागल्याने यंत्र पाण्याजवळच असले पाहिजे, हे बंधन उरले नाही.

मिळणारी शक्ती पाण्याचा प्रवाह आणि पतनाची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. ५०० मीटर उंचीवरून दर सेकंदाला १ घनमीटर पाणी आले आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सुमारे ४,४०० किलोवॉट शक्ती मिळते. तेवढीच शक्ती ५० मीटर उंचीवरून मिळवायची तर दहापट पाणी लागते. ५०० मीटर उंचीच्या दाबाने सुटणाऱ्या झोताचा वेग, नळातील घर्षण सोडल्यास, सेकंदाला सुमारे ९९ मीटर, म्हणजे ताशी ३५० किलोमीटरहून अधिक असतो.

विजेची मागणी क्षणोक्षणी बदलते, पण जनित्राची गती स्थिर राहावी लागते. त्यासाठी नळीच्या तोंडाशी पुढे-मागे सरकणारी, भाल्याच्या टोकासारखी सुई बसवून झोताची जाडी कमी-अधिक करतात. मागणी एकाएकी घटली तर सुई झटकन बंद करणे धोक्याचे असते. वेगाने येणारे पाणी अकस्मात थांबल्यास त्याच्या धक्क्याने नळ फुटू शकतो. म्हणून प्रथम एक पत्रा आडवा आणून झोत चाकावरून बाजूला वळवितात आणि मग सुई सावकाश बंद करतात.

महाराष्ट्रातील पेल्टन चक्रे

सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस पडतो आणि पश्चिमेकडे कडा एकदम कोकणात उतरतो. मोठ्या उंचीच्या चक्राला ही रचना अतिशय अनुकूल आहे. जमशेदजी टाटा यांनी मुंबईसाठी जलविद्युतेची कल्पना मांडली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती पुढील पिढीने साकारली. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी ५०० मीटरहून अधिक खाली आणून खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. मुंबईच्या कोळशावर चालणाऱ्या कापड गिरण्यांना ही वीज मिळू लागली. भिवपुरी व भिरा येथील केंद्रे त्यानंतर उभी राहिली. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांसाठी पोफळी येथे डोंगराच्या पोटात बांधलेल्या केंद्रातही पेल्टन चक्रेच आहेत.

या विजेची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. भिरा केंद्राला पाणी पुरविणाऱ्या मुळशी धरणात मावळातील गावे व भातशेती बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले. तरीही धरण पूर्ण झाले. चक्र कितीही कार्यक्षम असले, तरी पाणी साठविण्यासाठी कोणाची जमीन जाते, हा प्रश्न त्या कार्यक्षमतेच्या हिशेबात येत नाही.

वारसा

पेल्टन यांच्यानंतर वाट्यांच्या आकारात सुधारणा झाल्या. झोत योग्य क्षणी कण्यावर पडावा म्हणून वाटीच्या कडेला खाच देण्यात आली, पोलाद अधिक टिकाऊ झाले आणि एकाच चाकावर अनेक झोत सोडले जाऊ लागले. मधोमध कणा असलेल्या जोडवाटीचे मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात पेल्टन यांचा समावेश करण्यात आला.