रोनाल्ड रॉस आणि आमच्या वस्तीतले पिंप

दरवर्षी २० ऑगस्टला जगभर डास दिन पाळला जातो. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. शालेय पुस्तकातला रॉस इथेच संपतो. या शोधानंतर त्याने उभी हयात जो आग्रह धरला, तो मात्र आमच्या समाजबांधवांपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून त्याचे चरित्र आम्हाला सांगावेसे वाटते.

रॉसचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी होते. मुलाला कविता, चित्रकला आणि गणिताचा नाद. वडिलांच्या आग्रहाखातर त्याने लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला.

१८८३ साली बंगलोरला असताना त्याच्या बंगल्यात डासांचा उच्छाद झाला. शोध घेता खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. त्याने पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. छावणीतली अशी सर्वच पिंपे, डबे रिकामे करावेत असे त्याने वरिष्ठाला सुचविले. वरिष्ठाने त्याची थट्टा केली. डास काही हेतूने निर्माण झाले आहेत, ते सोसणे हेच आपले कर्तव्य, असे त्याचे म्हणणे पडले. हा युक्तिवाद आमच्या चांगलाच ओळखीचा आहे! जातिव्यवस्थाही ईश्वरनिर्मित आहे, ती मुकाट्याने सोसा, असेच आम्हाला शतकानुशतके सांगण्यात आले. तथागतांनी मात्र दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे शिकविले. रॉसने पिंप उपडे केले, ते याच कार्यकारणाच्या वाटेने.

त्या काळी हिवताप दूषित हवेने होतो अशी समजूत होती. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉसला डासांचा संशय बोलून दाखविला आणि तो कामाला लागला. सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या रुग्णाला एका डासाच्या चाव्यामागे एक आणा मिळत असे. त्याच्याच रक्तावर पोसलेल्या डासात रॉसला जंतू दिसले. पुढे लगेच त्याची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली आणि काम अडले. १८९८ साली कलकत्त्यात महंमद बक्ष या सहाय्यकाच्या मदतीने त्याने पक्ष्यांवर प्रयोग करून डासाच्या दंशातूनच रोग पसरतो हे सिद्ध केले. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खान आणि महंमद बक्ष मात्र तळटिपेतच राहिले. कष्टकऱ्यांच्या नशिबी हे नेहमीचेच.

१८९९ साली रॉस हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलला गेला. यापुढे त्याचा एकच ध्यास होता : डास मारीत बसू नका, त्यांची पैदास होते ते पाणी हटवा. १९०१ साली आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनमध्ये त्याने मजुरांची पथके उभारून डबकी बुजविली, गटारे वाहती केली. सुएझ कालव्यावरच्या इस्मायलियात १९०२ साली हिवतापाचे दीड हजारांहून अधिक रुग्ण होते. खड्डे बुजविले, चर साफ केले, सांडपाण्याच्या टाक्यांत नियमित तेल टाकले, तेव्हा १९०३ साली ही संख्या अडीचशेच्या आत आली.

परंतु सत्तेला दुसरी वाट अधिक सोयीची वाटली. गोऱ्यांनी स्थानिकांपासून दूर राहावे असा सल्ला काही तज्ज्ञांनी दिला. १९०४ साली फ्रीटाऊनच्या टेकडीवर केवळ युरोपियनांसाठी हिल स्टेशन ही वेगळी वस्ती उभी राहिली. डबके हटविण्याऐवजी माणूसच दूर ठेवला. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आजही आमच्या वस्तीत हिवताप आला की लोक अस्वच्छ आहेत, असा ठपका ठेवला जातो. वास्तविक शहरात हिवताप पसरविणारा ॲनॉफिलिस डास गटारात नव्हे, तर साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला दोन-दोन दिवस पाणी येत नाही, म्हणून पिंपे भरून ठेवावी लागतात. मग दोष पिंपाचा की नळाचा? बेकायदा ठरविलेल्या झोपडपट्टीतल्या माणसालाही पाणी नाकारता येत नाही, ते त्याच्या जगण्याच्या हक्कात येते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत दिला. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्याच्या उद्दिष्टांत सार्वजनिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध होते.

म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर ते दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पिंप रिकामे करून आतून घासा, टाकीला घट्ट झाकण बसवा, विहिरीत गप्पी मासे सोडा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास यासाठी द्या. शेजारच्या बांधकामावर पाणी साचले असेल तर त्याची यादी करून पालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. त्याच अर्जात रोजच्या पाण्याची मागणी करा.

१६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉसचे निधन झाले. पिंप उपडे करणे आमच्या हातात आहे. ते भरून ठेवण्याची पाळी आमच्यावर येऊ न देणे हे शासनाचे काम आहे, आणि ते करून घेण्यासाठी संघटित व्हावे लागेल.