बाबा पदमनजी : गोष्ट की उपदेश?

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, असा प्रश्न क्विझमध्ये आला की ‘यमुनापर्यटन’ म्हणून आपण एक मार्क खिशात टाकतो आणि पुढे जातो. लेखक बाबा पदमनजी. मला मात्र या माणसापाशी जरा थांबावंसं वाटलं.

बाबांचा जन्म १८३१ चा, बेळगावातल्या कासार घरातला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही त्याच वर्षी पहिल्यांदा छापून आला. पुढे १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती बाबांनीच तयार केली! बेळगाव आणि मुंबईच्या मिशन शाळांत ते शिकले, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत गेले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे जातीचं दार कायमचं बंद.

आणि तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, हा माणूस हिंदू विधवांच्या हालांवर कादंबरी लिहितो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. पण कायदा झाला म्हणून केशवपनाला येणारा न्हावी थोडाच थांबतो?

अडचणी बघा. समोर स्वतंत्र मराठी कादंबरीचा नमुना नाही. ज्यांच्या घरातलं लिहायचं, त्यांच्या लेखी लेखक बाटलेला. तो खरं सांगतोय हे मानणार कोण? शिवाय बाबांना नुसतं दुःख दाखवून थांबायचं नव्हतं, ख्रिस्ती धर्माचा उपायही सांगायचा होता. यमुना नवऱ्याबरोबर, विनायकबरोबर, प्रवासाला निघते. ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. पुढे ती स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. उत्तर आधी ठरवून मग गणित मांडावं, तसं हे वाटतं. म्हणूनच कादंबरी कमी, प्रचार जास्त, असा आक्षेप तिच्यावर येतो.

मला तो अर्धाच पटतो. उपदेश आला की पानं जड होतात, हे खरंच. पण विधवांची दुःखं समोर येतात, तेव्हा लेखक कुठल्या धर्माचा हे विसरायला होतं. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच आणि तिच्याही वाट्याला केशवपनच. मात्र तिथे यमू स्वतःच आपली कहाणी सांगते.

बाबांनी पुढे पाळकाचं काम केलं, नियतकालिकं चालवली, ढीगभर पुस्तकं लिहिली. १९०६ मध्ये ते गेले. आज आपल्याला नाव आठवतं ते त्या एकाच पुस्तकाचं.

आमच्या भिवंडीजवळच्या काल्हेरला जिकडे बघाल तिकडे गोदामं. तिथे रात्री ट्रकमधून खोकी उतरवणाऱ्या माणसांवर गोष्ट लिहायचं माझ्या मनात आहे, आणि मलाही तिच्यातून काहीतरी ठासून सांगायचंय. बाबांकडून एवढंच घेतो : सांगायचं ते जरूर सांगावं, पण आधी गोष्टीतल्या माणसाला त्याचं बोलणं पुरं करू द्यावं.