सानेगुरुजी आणि पंढरीचे दार

कोकणात दापोलीजवळ पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने, तेच आपले सानेगुरुजी. नाव देवाचे; पण त्याच देवाच्या गावी एके दिवशी आपल्याला अन्न सोडून बसावे लागेल, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते!

गरिबीत शिकून ते एम. ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. वसतिगृहही त्यांच्याकडेच होते. मुले शाळेत गेली की हे मास्तर त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणे आवरायचे, कपडे धुवायचे. उपदेश कमी, हात जास्त. आम्हा कीर्तनकारांचे बहुधा उलट असते, असो.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, ती यांनी लिहून घेतली म्हणून आपल्या हाती आली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी खानदेशातली खेडी पायांखाली घातली. राजकारणात इतकी वर्षे काढली, पण सत्तेच्या खुर्चीकडे फिरकले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. चोखोबांचे अभंग आम्ही पिढ्यान् पिढ्या आळवले, पण त्यांच्या जातभाईंना मात्र आत पाऊल टाकता येत नव्हते. हे आम्हा संप्रदायाच्या माणसांना बोचायला हवे होते. ते बोचले एका मास्तरांना! कार्तिकी एकादशीला, १९४६ साली, ते उपोषणास बसणारच होते. सेनापती बापटांनी थांबवले, म्हणून आधी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकमत जागे केले. गावोगावची देवळे, विहिरी खुल्या झाल्या, पण पंढरीचे दार बंदच. अखेर १ मे १९४७ रोजी ते उपोषणास बसले. खुद्द गांधीजींना हे उपोषण पटले नव्हते, त्यांनी ते सोडण्याविषयी तार केली. एवढ्या मोठ्या माणसाची तार, पण गुरुजी नम्रपणे अडूनच राहिले.

आणि जागा कोणी दिली? तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात! शास्त्र काढून वाद घालणारे पुष्कळ होते, पण वारकऱ्याच्याच मठाने दार उघडले, एवढे तरी आमच्या पदरी पडले. उपोषण दहा दिवस चालले. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली, बडवेमंडळींनी मान्यता दिली, तेव्हा गुरुजींनी अन्न घेतले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले. परंतु गांधीजींच्या खुनाने आणि भोवतालच्या द्वेषाने मन खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा आपणच संपवली. वय अवघे पन्नास.