मातीतील सुवर्ण

आंध्र प्रदेशातील भीमावरम या गावी इ. स. १८९५ च्या जानेवारी महिन्याच्या १२ तारखेस येल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना ती लवकर सोडावी लागली आणि घरात दारिद्र्य आले. मुलगा बुद्धीने तल्लख होता, तथापि अभ्यासात त्याचे चित्त रमत नसे. वयाच्या तेराव्या वर्षी तो घरातून पळून निघाला. काशीस जावे, तेथे यात्रेकरूंना केळी विकावी आणि पुष्कळ पैसा मिळवावा, असा त्याचा बेत होता. परंतु वाटेतच तो सापडला आणि त्याला परत आणण्यात आले. आई वेंकम्मा मोठ्या करारी होत्या. मुलाने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा निश्चय अढळ होता. मॅट्रिकच्या परीक्षेत सुब्बाराव दोनदा अनुत्तीर्ण झाले. तिसऱ्या वेळी मात्र यश आले.

पुढे मद्रासला शिकत असताना त्यांच्या मनात संन्यास घेण्याचा विचार प्रबळ झाला. आईने त्यास संमती दिली नाही. रुग्णांची सेवा हीदेखील ईश्वराचीच सेवा होय, असा उपदेश त्यांना रामकृष्ण मठातूनही मिळाला आणि ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा होता. महात्मा गांधींच्या हाकेस अनुसरून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. परीक्षेत गुणवत्ता असूनही सुब्बारावांना पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाची पदवी मिळाली. खादीची ही किंमत त्यांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

याच काळात त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. संग्रहणी नावाच्या आतड्यांच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले. तोच रोग पुढे सुब्बारावांनाही जडला. एका निष्णात आयुर्वेदज्ञाच्या उपचारांनी ते वाचले. परंतु आपण वाचलो आणि भाऊ गेले, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. रोग दिसतो, पण त्यावर औषध नाही, ही असहायता त्यांना सोसवेना. औषधे शोधून काढण्यासाठीच आपले आयुष्य वेचावे, असे त्यांनी ठरवले.

अठ्ठाविशीच्या सुमारास सुब्बाराव अमेरिकेतील बोस्टन शहरी गेले. प्रवासासाठी सासऱ्यांनी व काही हितचिंतकांनी साहाय्य केले होते. परत येण्याच्या बोलीवर त्यांनी पत्नीचा निरोप घेतला. परंतु ते पुन्हा मायदेशी येऊ शकले नाहीत. परक्या देशात त्यांच्या पदवीस मान नव्हता. दिवसा हार्वर्ड विद्यापीठात अध्ययन आणि रात्री रुग्णालयात रुग्णांच्या बिछान्याखालची भांडी स्वच्छ करण्याचे काम, असा त्यांचा क्रम सुरू झाला. या कामाची त्यांना लाज वाटली नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी रीत शोधली. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली आणि जगातील प्रयोगशाळांत पुष्कळ वर्षे वापरली गेली. आपले स्नायू आकुंचन पावतात तेव्हा त्यांना शक्ती कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासही या दोघांच्या संशोधनाने मोठे साहाय्य केले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र विद्यापीठाने त्यांना कायमची जागा दिली नाही. शेवटी १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे त्यांच्या मनातील जुन्या शल्याला वाट मिळाली. त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार केले. ज्या संग्रहणीने सुब्बारावांचे भाऊ हिरावून नेले, त्याच रोगावर हे द्रव्य गुणकारी ठरले. हत्तीपायाच्या रोगावरील औषधही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रथम वापरले गेलेले औषधही तेथेच जन्मास आले.

त्या वेळी पेनिसिलिनचा बोलबाला होता. परंतु पेनिसिलिन सर्वच रोगजंतूंवर चालत नसे. मातीत असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि ते आपल्या शत्रूंना रोखण्यासाठी निरनिराळी द्रव्ये निर्माण करतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत बेंजामिन डगर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वयाची सत्तरी उलटूनही त्यांचा उत्साह ओसरला नव्हता. त्यांनी ठिकठिकाणच्या परिचितांकडून मातीचे नमुने मागवले. असंख्य नमुने तपासल्यानंतर १९४५ साली मिसूरी विद्यापीठाच्या शेतातील, गवत उगवलेल्या एका तुकड्यातील मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव सापडला. त्याचा रंग सोन्यासारखा पिवळा होता. त्यापासून मिळालेले औषधही पिवळेच होते. लॅटिन भाषेतील सुवर्णवाचक शब्दावरून त्याचे नाव ऑरिओमायसिन असे ठेवण्यात आले. टेट्रासायक्लीन या औषधकुळातील हे पहिले औषध होय.

हे औषध रोगजंतूंना प्रथिने तयार करू देत नाही. त्यामुळे त्यांची वाढ खुंटते आणि मग शरीराची स्वतःची रक्षकशक्ती त्यांचा पराभव करते. ज्या अनेक रोगांपुढे पेनिसिलिन हतबल होते, त्यांवरही हे औषध चालले. १९४८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांच्या सभेत त्याची माहिती जगापुढे मांडण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट महिन्यात, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने निधन पावले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

औषध जन्मास आले. परंतु ते कसे वापरावे, हे पूर्णपणे उमजण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. टेट्रासायक्लीनला कॅल्शियमची विलक्षण ओढ असते. दुधाबरोबर, किंवा लोहाच्या वा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर ते घेतले, तर पोटातच त्याची गाठ पडते आणि ते पुरेसे रक्तात पोहोचत नाही. रोग मग तसाच राहतो. हीच ओढ लहान मुलांच्या बाबतीत निराळे रूप दाखवते. दातांची जडणघडण चालू असताना हे औषध दिले, तर ते दातांत जाऊन बसते आणि दात जन्मभर पिवळे वा करडे होतात. ज्या सोनेरी रंगावरून औषधाला नाव मिळाले, तोच रंग कित्येक मुलांच्या हसण्यावर डाग होऊन राहिला. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना हे औषध सहसा देत नाहीत. काही भयंकर रोगांत मात्र जीव वाचवणे अधिक महत्त्वाचे असते. अशा वेळी डॉक्टर विचारपूर्वक या कुळातील औषध थोडे दिवस देतात. हा निर्णय त्यांनीच घ्यावयाचा असतो.

आणखीही काही गोष्टी अनुभवाने कळल्या. हे औषध घेणाऱ्याची त्वचा कडक उन्हात लवकर भाजते. गोळी पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम होऊ शकते. म्हणून ती बसून वा उभे राहून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते. मुदत संपलेल्या, बिघडलेल्या गोळ्या घेतल्याने काही रुग्णांच्या मूत्रपिंडांस अपाय झाल्याचे १९६३ साली प्रसिद्ध झाले.

१९९४ साली महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि नंतर गुजरातेतील सुरत शहरात प्लेग उद्भवला. तेव्हा टेट्रासायक्लीन हेच लोकांचे मोठे आशास्थान ठरले आणि त्याच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आल्या. परंतु भयाने गांगरलेल्या लोकांनी, जेथे प्लेग नव्हता तेथेही, गोळ्यांचा साठा करून त्या आपल्याच मनाने घेतल्या. सर्दीपडशासारख्या विषाणूंच्या आजारांवर या औषधाचा काहीच उपयोग नसतो. गरज नसता ते घेतल्यास, किंवा बरे वाटू लागताच मध्येच सोडल्यास, औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि वाढू लागतात. मग पुढच्या रुग्णाच्या वेळी तेच औषध निकामी ठरते.

सुब्बारावांनी आपल्या नावाचा गाजावाजा कधी केला नाही. स्वदेशातही त्यांची ओळख फार उशिरा झाली. १९९५ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक टपालतिकिटात नाही. औषध नसल्यामुळे ज्याचे दोन भाऊ गेले, त्या माणसाने जगाला औषधे दिली. डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच, सांगितले तितकेच आणि सांगितले तितके दिवस ते औषध घेणारा रुग्ण त्या देणगीचे मोल जाणतो आणि उद्या ज्याला तिची गरज पडेल, त्या अनोळखी माणसासाठी ती राखून ठेवतो.