न जुळलेली तेरीज

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या शास्त्रज्ञावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण तेरीज जुळेना की जिवाची कशी घालमेल होते, हे आम्हांला पुरते ठाऊक आहे. आणि जॉर्ज सायमन ओहमच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग असाच आहे.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. ते स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच ते शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ साली तो विद्यापीठात गेला खरा, पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांत असा रमला की वडिलांनी संतापून त्याचे शिक्षण थांबवले. मग स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी, पुन्हा अभ्यास आणि १८११ मध्ये डॉक्टरेट. १८१७ पासून तो कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. तेथील प्रयोगशाळा चांगली होती.

तारेची लांबी वाढली की वीजप्रवाह किती घटतो, हा त्याचा प्रश्न. १८२५ साली त्याने उत्तर छापले, आणि ते चुकले! दोष बॅटरीचा होता. प्रवाह सुरू होताच तिचा दाब उतरत जाई. पोगेनडॉर्फ या संपादकाने बॅटरीऐवजी दोन धातूंच्या जोडाचे साधन वापरण्याची सूचना केली. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे जोडले; एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. दाब स्थिर झाला. मग निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून त्याने मोजमापे घेतली. १८२६ साली हिशेब जुळला.

तो हिशेब आपल्यालाही करता येतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. समजा, २३० व्होल्टवर चालणारी विजेची शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध ४६ ओहम. तापमान बदलले तर रोधही बदलतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते : ११५० वॅट. म्हणजे तासाला १.१५ युनिट वीज. तारेतून प्रवाह वाहताना किती उष्णता निर्माण होते, याचा नियम मात्र ओहमचा नव्हे. तो इंग्लंडच्या जूलने १८४१ साली मांडला.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला गेला आणि १८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला प्राध्यापकपदाची आशा होती. पण ग्रंथाचे स्वागत थंडे झाले. निराश होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली. १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे त्याला पुन्हा बरी जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले.

परीक्षेत वेळ संपत आली की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून आम्ही मोकळे होतो. ओहमचे चुकलेले उत्तर तर छापूनही झाले होते. त्याने फरक लपवला नाही. पुन्हा पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली.