मोजून पाहणारे भाभा

आमच्या बोदवडकडचा शेतकरी मातीचा नमुना तपासायला देतो तेव्हा त्याला नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे हवे असतात. किरणोत्सर्गाचा आकडा कोणी मागत नाही, आणि मागण्यासारखे कारणही फारसे नाही. खानदेशची काळी माती बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या साध्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली. या खडकात युरेनियम-थोरियम अगदी थोडे. केरळच्या किनाऱ्यावर चवरा येथल्या काळ्या वाळूत मात्र मोनाझाइट असते आणि त्यात थोरियम. दोन्ही काळ्याच! डोळ्यांना न दिसणारा हा फरक मोजण्याची सवय या देशाला लावण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या डॉ. होमी भाभांना आपण अणुभट्ट्यांमुळे ओळखतो. मला ते या मोजमापामुळे अधिक जवळचे वाटतात.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या सधन पारशी घरात त्यांचा जन्म झाला. घरात पुस्तके, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, आणि टाटांशी नाते. मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाने १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि मग आपले मन होते तिकडे, भौतिकशास्त्राकडे वळला. अवकाशातून येणारा एक वेगवान कण हवेत शिरला की त्यातून गॅमा किरण, त्यातून पुन्हा कण, असा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी हाइटलरबरोबर १९३७ साली मांडले.

१९३९ साली ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. इथे कागदावरचे गणिती भाभा उपकरणांकडे वळले. त्यांनी गायगर नळ्यांची जुळणी विमानातून तीस हजार फुटांवर नेऊन विश्वकिरण मोजले. गायगर नळी म्हणजे वायू भरलेली, विजेच्या दाबाखाली ठेवलेली नळी. किरण आत शिरला की टिक् करून एक ठोका देते. किरण आला एवढे ती सांगते, कोणाचा आला ते सांगत नाही.

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, १९४८ साली अणुऊर्जा आयोग. उपकरणे बाहेरून आणायची नाहीत, इथेच बनवायची, हा भाभांचा हट्ट होता. युरेनियमच्या शोधासाठी त्यांनी वयाची पासष्टी गाठलेल्या भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडियांना हाताशी धरले. त्यांची माणसे गायगर काउंटर घेऊन रानावनांतून हिंडली आणि १९५१ साली बिहारमधल्या, आज झारखंडात असलेल्या जादुगुडाला साठा सापडला.

पण मातीत काय सापडावे आणि काय सापडू नये, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर स्फोट केला आणि त्याची राख दूरच्या जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली. स्फोट थांबवा, असे नेहरूंनी जगाला सांगितले. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष भाभा होते, आणि त्याच वर्षअखेर संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांवर समिती नेमली. तिथे भारतातर्फे गेले आपले डॉ. वसंत खानोलकर. पावसातून, दुधातून, मातीतून किती राख उतरते हे ट्रॉम्बेला मोजले जाऊ लागले.

राखेतल्या सीझियम-१३७ चे प्रमाण दर तीस वर्षांनी निम्मे होते आणि ते वरच्या थरातल्या मातीला घट्ट चिकटून बसते. ते ओळखायला १९४८ साली हॉफस्टॅटरने दाखवलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक कामी आला. गॅमा किरण पडला की तो चमकतो, आणि चमक किरणाच्या ऊर्जेइतकी. सीझियमची खूण ६६२, मातीतल्या नैसर्गिक पोटॅशियमची १४६०. एकक किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. पुढे द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेले जर्मेनियम आले, त्याची नजर अधिक बारीक. माती वाळवायची, चाळायची, डब्यात हवाबंद करून महिनाभर ठेवायची आणि मग शिशाच्या जाड कोठीत मोजायची. पालाशासाठी आपण जे खत टाकतो त्यातही किरणोत्सर्गी पोटॅशियम असतेच. जगाच्या मातीत किलोमागे सेकंदाला सरासरी चारशे विघटने त्याची एकट्याची. यात घाबरण्यासारखे काही नाही. आधी किती होते हे ठाऊक असले तरच नंतर वाढले का हे कळते, म्हणून तारापूरची वीज सुरू होण्याआधीच तिथली माती, पाणी, मासळी तपासून ठेवली गेली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. अणुभट्टी चालवणारे आणि तिच्यावर नजर ठेवणारे भाभांनी एकाच घरात ठेवले, आणि १९६२ च्या कायद्याने त्या घराची दारे आणखी जाड केली. नियामक मंडळ १९८३ साली आले, तेही त्याच आयोगाच्या छत्राखाली. तारापूरच्या कोळ्याने आपल्या मासळीबद्दल विचारले तर उत्तर देणार कोण? जिथे भट्टी तिथलेच. आकडा खरा असला तरी तो दुसऱ्या कोणी पडताळावा, हे विज्ञानाचे साधे वळण भाभांना नक्की ठाऊक होते. देश उभा करण्याच्या घाईत ते मागे पडले असावे.

ते अविवाहित राहिले, चित्रे काढत राहिले, मोझार्ट ऐकत राहिले. ट्रॉम्बेत रस्त्यात येणारे झाड तोडण्याऐवजी मुळांसकट दुसरीकडे लावायला लावत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी जाताना 'कांचनजंगा' हे एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँवर आदळले. ११७ जणांपैकी कोणी वाचले नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले आणि उपकरणे बनवणारी त्यांची मंडळी हैदराबादला नवा कारखाना उभारायला गेली. तारापूरची वीज १९६९ साली आली. ती पाहायला भाभा नव्हते.