आधी बोथट, मग धार

‘अश्मयुग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं पहिलं-दुसरं पान येतं. गुहा, शेकोटी, हातात दगड घेतलेला केसाळ माणूस, आणि खाली हजारो वर्षांपूर्वीची तारीख. पण मित्रांनो, दगडाची हत्यारं बनवायला लहानपणीच शिकलेला एक माणूस 1911 ते 1916 अशी जवळजवळ पाच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात राहिला. ट्राममधून फिरला, दर महिन्याला पगार घेतला, आणि रविवारी म्युझियममध्ये येणाऱ्या लोकांना बाणाची टोकं करून दाखवली. जग त्याला इशी म्हणून ओळखतं.

हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या लोकांत स्वतःचं नाव स्वतः सांगायची पद्धत नव्हती. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत, त्याच जातीतला हा संकोच. नाव सांगायला दुसरं कोणी लागतं, आणि दुसरं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्राच्या प्रोफेसरांनी त्याला त्याच्याच भाषेतला ‘माणूस’ या अर्थाचा शब्द दिला. खरं नाव त्याच्याबरोबरच गेलं.

त्याची जमात ‘याही’. (मराठीत वाक्य वाचताना गोंधळ होतो खरा, पण नावच तसं आहे.) कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला मिल क्रीक आणि डियर क्रीक या ओढ्यांच्या खोल दऱ्यांत हे लोक राहायचे. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. हरणं कमी झाली, ओढे गढूळ झाले, भुकेल्या याहींनी गुरं मारली, आणि त्याच्या बदल्यात वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. इशीचा जन्म साधारण 1860 च्या आसपासचा. तो मुलगा होता तेव्हाच जमातीतले बहुतेक जण मारले गेले होते. उरलेले मूठभर लोक मग दरीत लपले, आणि ते जवळजवळ चाळीस वर्षं. धूर दिसू नये म्हणून लहान जाळ, पाऊल उमटू नये म्हणून दगडावरून चालणं. या काळात बाणाच्या टोकांसाठी त्यांनी गोऱ्यांनी फेकलेल्या बाटल्यांची काच पण वापरली.

1908 च्या नोव्हेंबरात एका वीज-पाण्याच्या कंपनीचे सर्व्हेयर डियर क्रीकवर मोजमापं घेत होते. सिव्हिलवाल्यांनी इथे आपला सर्व्हे कॅम्प आठवावा. त्यांना झाडीत लपलेली झोपडी सापडली. बाकीचे पळाले, पण चालता न येणारी इशीची म्हातारी आई तिथेच पांघरुणाखाली पडून होती. या मंडळींनी तिला काही केलं नाही. मात्र झोपडीतल्या उचलता येण्यासारख्या वस्तू, म्हणजे हत्यारं, टोपल्या, कातड्याची पांघरुणं, सगळं आठवण म्हणून घेऊन गेले. थंडी तोंडावर आली होती. आई थोड्याच दिवसांत गेली. बहीण आणि तिच्याबरोबरचा म्हातारा पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढची पावणेतीन वर्षं इशी एकटा होता. एवढा काळ एकही शब्द कोणाशी न बोलता काढणं म्हणजे काय, याची मला तरी कल्पना करता येत नाही.

29 ऑगस्ट 1911 ला ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ तो लोकांना सापडला. उपाशी, थकलेला, केस जवळजवळ मुळापर्यंत जाळलेले. त्याच्या लोकांत ही सुतकाची खूण. काय करावं ते न कळून शेरीफने त्याला तुरुंगात ठेवलं. क्रोबर यांचे सहकारी थॉमस वॉटरमन याना भाषेतल्या शब्दांची यादी घेऊन तिथे पोचले आणि एकेक शब्द वाचू लागले. काही केल्या जमेना. शेवटी पाइनच्या लाकडाचा शब्द आला आणि त्यांनी खाटेच्या लाकडावर हात मारून दाखवला, तेव्हा इशीचा चेहरा उजळला. पुढे त्याची राहायची सोय म्युझियमच्या इमारतीतच झाली. तिथेच झाडलोटीचं काम, आणि महिना 25 डॉलर पगार.

आता मूळ विषय, म्हणजे त्याचे हात.

ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची नैसर्गिक काच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पण लाव्ह्याचाच, पण तो दाणेदार, स्फटिकांचा. ऑब्सिडियनमध्ये दाणे नाहीत, थर नाहीत. त्यामुळे तडा दगडाच्या मर्जीने जात नाही, बल देणाऱ्याच्या मर्जीने जातो, आणि तुटलेला भाग शिंपल्यासारखा वक्र दिसतो. इशी मोठ्या ढेकळावर दगड हाणून आधी ढलपे काढायचा. त्यातला दोन-तीन इंचांचा बरा ढलपा निवडायचा. डाव्या तळव्यावर हरणाचं जाड कातडं, त्यावर ढलपा आडवा. उजव्या हातात काठीला बांधलेलं शिंगाचं टोक. शहरात आल्यावर लोखंडाचं टोक पण तो खुशाल वापरायचा. हे टोक कडेवर टेकवून दाबायचं, की खालच्या बाजूने एक पातळ कपची सुटते. घाव नाही, फक्त दाब.

वाचायला सोपं वाटतं. पण ताज्या ढलप्याची कड दाढीच्या ब्लेडपेक्षा पातळ असते, आणि तीच खरी अडचण. अशा कडेवर दाब दिला तर ती नुसती चुरते. सगळं बल भुकटी करण्यात संपतं, टोक घसरतं, आणि हवी तशी लांब कपची निघतच नाही. म्हणून आधी ती सुंदर धार घालवावी लागते. खरखरीत दगडावर घासून किंवा हत्यार कडेवरून ओढून ती बोथट करायची, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसायला जागा मिळते. ही जागासुद्धा कुठेही चालत नाही. ज्या बाजूने कपची काढायची त्या बाजूला ती थोडी झुकलेली हवी, जाडीच्या मध्यरेषेच्या खाली. वर राहिली तर कपची अर्ध्यात तुटते, नाहीतर आख्खं टोकच दुभंगतं.

एका बाजूची रांग झाली की ढलपा उलटायचा. पहिल्या कपच्यांनी कडेला पुन्हा पातळ ओठ ठेवलेले असतात. ते पुन्हा घासायचे, पुन्हा दाबायचं. म्हणजे एका बाणाच्या टोकात धार किती वेळा घालवली जाते बघा! शेवटच्या बारीक रांगेनंतरच ती राहू द्यायची. काच टफन करण्याआधी कारखान्यात तिच्या कडा घासून घेतात, कारण कडेच्या बारीक खाचेतूनच तडा सुरू होतो. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जॉबच्या कडा मारताना आपण कंटाळतो. इशीचं निम्मं काम म्हणजे तेच होतं, आणि त्यात एकदा मोडलं की फाइलने सावरायची सोय नाही.

चांगलं टोक त्याला अर्ध्या तासात जमायचं. खालच्या खाचा आणखी बारीक हाडाने, आंगठ्याच्या फुगीर भागावर धरून. डोळ्यात कण उडाला तर त्याचा उपायही ठरलेला: खालची पापणी ओढून धरायची, वाकून जमिनीकडे बघायचं आणि उजव्या हाताने स्वतःच्या टाळूवर जोरदार थाप मारायची! सेफ्टी गॉगलचा हा पर्याय कोणी वर्कशॉपमध्ये करून बघू नये.

हे सगळं बघून लिहून ठेवणाऱ्यांत दोघे महत्त्वाचे. नेल्स नेल्सन या पुरातत्त्वज्ञांनी त्याच्या दगडकामावर 1916 मध्ये लेख लिहिला. दुसरे सॅक्स्टन पोप, शेजारच्या मेडिकल स्कूलचे सर्जन. पोप यांनी त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले. दोघांची गट्टी जमली आणि डॉक्टर या जंगलातल्या माणसाचा शागीर्द झाला. 1914 च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन आणि पोप त्याला घेऊन डियर क्रीकला गेले. इशी आधी नको म्हणत होता. ज्यांची हाडं तिथे होती ती त्याची माणसं होती, या लोकांची नव्हे. मग मात्र त्याने सगळं दाखवलं.

शहराने त्याला शेवटी क्षय दिला. 25 मार्च 1916 ला तो गेला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांना माहीत होतं की शरीराची चिरफाड इशीला मान्य नव्हती, आणि त्यांनी पत्राने विरोधही कळवला, पण तोवर शवविच्छेदन होऊन गेलं होतं. मेंदू वेगळा ठेवला गेला. दहनाच्या वेळी शरीराबरोबर धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांचं पीठ आणि ऑब्सिडियनच्या थोड्या कपच्या ठेवल्या. पुढच्या वर्षी मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला, आणि तो पाठवणारे क्रोबरच. एवढा जवळचा माणूस असं का करतो? मला हे पटत नाही, आणि ‘विज्ञानासाठी’ असं म्हटलं तरी पटत नाही. 2000 साली मेंदू आणि रक्षा त्याच्या जवळच्या जमातींच्या हाती सोपवल्या गेल्या. त्यांनी त्या गुप्त जागी पुरल्या.

आज दगडाची हत्यारं करायला शिकणारे लोक लांब दांड्याचं एक अवजार वापरतात. दांडा कोपराखाली दाबून अंगाचं वजन टोकावर आणायचं, साधं लिव्हर आर्मचं गणित. त्याला ते ‘इशी स्टिक’ म्हणतात.

आणि त्याने केलेली टोकं अजून बर्कलीच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये आहेत. 1990 च्या दशकात तिथल्याच स्टीव्हन शॅकली या संशोधकाने त्यांची मापं घेऊन जुन्या याही वस्त्यांत सापडलेल्या टोकांशी ताडून पाहिली. याहींची टोकं लहान आणि रुंद असायची. इशीची लांब, बाजूला खाचा असलेली, शेजारच्या विंटू आणि नोमलाकी लोकांच्या धाटणीची निघाली. म्हणजे हे काम त्याला बहुधा त्या लोकांतल्या कोणीतरी शिकवलं असावं, कदाचित जवळच्या नात्यातल्याच माणसाने. ‘शेवटचा याही’ म्हणून रविवारी त्याला बघायला आलेल्या गर्दीला तो काय करून दाखवत होता, हे कळायला ऐंशी वर्षं लागली.